समुद्रतळाखालच्या तेलाचा शोध आणि विद्युतचुंबकीय सर्वेक्षण : कुठे विसंबावे, कुठे विसंबू नये

कातळवाचक (बडोदे)

बडोद्यात मकरपुऱ्याच्या आसपास राहणाऱ्या, तेल-उद्योगाशी जोडलेल्या अनेक मराठी कुटुंबांत सिस्मिक (ध्वनितरंगांनी खडकांचा वेध), लॉगिंग (विहिरीत उपकरणे उतरवून मोजणी) आणि ड्रिलिंग हे शब्द घरगुती झालेले आहेत. समुद्रातील विद्युतचुंबकीय सर्वेक्षणाविषयी, म्हणजे या क्षेत्रात ज्याला सीएसईएम (कंट्रोल्ड सोर्स इलेक्ट्रोमॅग्नेटिक) म्हणतात त्याविषयी, मात्र दोन टोकांची मते ऐकू येतात. एका मताप्रमाणे हे तंत्र विहीर खोदण्यापूर्वीच तेल दाखवते. दुसऱ्या मताप्रमाणे तो २००० नंतरच्या दशकातला एक महागडा उत्साह होता आणि तो ओसरला हेच बरे झाले. माझ्या मते दोन्ही पक्षांचे एकाच गोष्टीकडे दुर्लक्ष होते. हे सर्वेक्षण तेल मोजत नाही. ते खडकाची विद्युत रोधकता, म्हणजे खडक विद्युतप्रवाहाला किती अडवतो ते, मोजते, आणि त्याचा उपयोग उपकरणांच्या दर्जापेक्षा ते कोणत्या समुद्रात, कोणत्या खडकावर आणि कोणत्या प्रश्नासाठी वापरले यावर अधिक अवलंबून असतो.

समुद्रतळाखालच्या गाळाच्या खडकांची छिद्रे बहुधा खाऱ्या पाण्याने भरलेली असतात, त्यामुळे त्यांची रोधकता साधारण १ ते २ ओहम-मीटर असते, तर समुद्राच्या पाण्याची ०.३ ओहम-मीटरच्या आसपास. त्याच छिद्रांतले पाणी हटवून तेल किंवा वायू बसला की रोधकता दसपट, कधी शंभरपटही वाढते. विहिरीत उतरवलेल्या उपकरणांच्या बाबतीत हे फार पूर्वीपासून ज्ञात आहे. पहिला विद्युत लॉग ५ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधील पेशेलब्रॉन येथे श्लुंबर्जे बंधूंच्या पद्धतीने घेतला गेला, आणि रोधकतेवरून पाण्याची संपृक्तता, म्हणजे छिद्रांतले पाण्याचे प्रमाण, काढण्याचे आर्ची यांचे सूत्र १९४२ साली प्रसिद्ध झाले. विहीर न खोदता, समुद्रतळावर बसून, कित्येकशे मीटर खालची हीच राशी मोजता यावी, एवढीच सीएसईएमची आकांक्षा आहे.

प्रत्यक्ष कामात प्रथम समुद्रतळावर रिसीव्हर सोडले जातात. दोन रिसीव्हरांमधले अंतर सहसा एक ते तीन किलोमीटर असते. त्यानंतर जहाज दोन-तीनशे मीटर लांबीचा विद्युत द्विध्रुव (दोन टोकांना इलेक्ट्रोड असलेली केबल) समुद्रतळापासून साधारण तीस मीटर उंचीवरून ओढत नेते आणि त्यातून शेकडो अँपिअरचा, काही यंत्रणांत हजाराच्या पुढचा, प्रवाह अतिशय कमी वारंवारतेने, म्हणजे एक दशांश हर्ट्झपासून काही हर्ट्झपर्यंत, सोडला जातो. मोजणी संपली की जहाजावरून ध्वनिसंकेत दिला जातो, रिसीव्हर आपला वजनाचा पाया समुद्रतळावरच सोडून देतो आणि तरंगत वर येतो.

ही कल्पना तेल कंपन्यांची नव्हती. अमेरिकेतील स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेत चार्ल्स कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सागरी कवचाच्या अभ्यासासाठी हे तंत्र १९७० नंतरच्या काळात विकसित केले. ज्ञात तेलसाठ्यावर त्याची पहिली मोठी चाचणी नॉर्वेच्या स्टॅटऑइलने नोव्हेंबर २००० मध्ये अंगोलाच्या किनाऱ्यापलीकडील खोल पाण्यात घेतली, २००२ च्या सुमारास त्यासाठी स्वतंत्र कंपन्या उभ्या राहिल्या आणि पाच-सहा वर्षे अपेक्षांना सीमा उरली नाही. पुढे जे झाले त्याला २००८ ची मंदी कारण होती, तसेच 'रोधक म्हणजे तेल' हे घाईचे समीकरणही कारण होते.

तरीही एका बाबतीत सिस्मिकला हे तंत्र सोडून अन्य आधार मिळणे कठीण आहे. वाळूच्या खडकातील पाण्यात पाच-दहा टक्के वायू मिसळला तरी ध्वनितरंगाचा वेग इतका उतरतो की सिस्मिकच्या नकाशावर तो भाग ऐंशी टक्के वायू असलेल्या साठ्यासारखाच उजळ दिसतो. रोधकतेचे तसे नाही. आर्चीच्या सूत्रात संपृक्ततेचा घातांक २ धरला तर पाणी ९० टक्के असताना रोधकता पूर्ण पाण्याच्या खडकाच्या जेमतेम १.२३ पट होते, ५० टक्क्यांवर चौपट आणि २० टक्क्यांवर पंचवीसपट. म्हणजे निरुपयोगी वायू आणि विकण्याजोगा वायू यांत सिस्मिकला जो भेद करता येत नाही, तो रोधकतेला करता येतो. खोल समुद्रातील एका विहिरीचा खर्च दहा कोटी डॉलरच्या घरात सहज जातो हे ध्यानात घेतले तर या एकाच भेदाची किंमत कळते.

तिसरे_वर्ष_भूशास्त्र

काका, लेखाबद्दल आभार. आम्हाला विद्यापीठात सिस्मिक आणि गुरुत्वीय पद्धती सविस्तर शिकवतात, सीएसईएमचा उल्लेख मात्र एका परिच्छेदात संपतो. माझा प्रश्न असा की, हे तंत्र एवढे उपयोगी असेल तर मुंबई हाय किंवा खंभातच्या आखातासारख्या आपल्या जवळच्या भागांत त्याचा उपयोग का होऊ नये? पाणी उथळ असेल तर रिसीव्हर सोडणे आणि काढणे उलट सोपे व्हायला हवे.

कातळवाचक (बडोदे)

रिसीव्हर सोडणे सोपे होते, परंतु त्याने नोंदवलेले वाचणे अवघड होते. विद्युतचुंबकीय क्षेत्र वाहक पदार्थात वेगाने क्षीण होते. ते मूळच्या ३७ टक्क्यांवर येते त्या अंतराला स्किन डेप्थ म्हणतात, आणि मीटरमधील तिचा आकडा म्हणजे रोधकता भागिले वारंवारता यांच्या वर्गमुळाची सुमारे ५०३ पट. पाव हर्ट्झला समुद्राच्या पाण्यात ती ५५० मीटर आणि १ ओहम-मीटरच्या गाळात १००० मीटर येते. हवेत मात्र क्षीणन जवळजवळ नसतेच. म्हणून द्विध्रुवापासून निघालेल्या ऊर्जेचा एक भाग वर पृष्ठभागाकडे जातो, हवेतून वेगाने पुढे सरकतो आणि पुन्हा पाण्यातून खाली रिसीव्हरपर्यंत पोचतो. यालाच एअरवेव्ह म्हणतात.

आता ढोबळ हिशेब करून पाहावा. दीड हजार मीटर खोल पाण्यात ही ऊर्जा वर जाताना आणि खाली येताना मिळून तीन हजार मीटर पाणी कापते, म्हणजे साडेपाच स्किन डेप्थ, आणि अर्धा टक्कासुद्धा शिल्लक राहत नाही. मुंबई हायवर पाण्याची खोली ७५ मीटरच्या आसपास आहे. तेथे दोन्ही वाटा मिळून दीडशे मीटर होतात आणि तीन चतुर्थांश भाग टिकून राहतो. साठ्याकडून येणारा क्षीण संकेत त्याखाली दबून जातो. गणिताने एअरवेव्ह वेगळी काढण्याचे प्रयत्न झाले आहेत आणि इन्व्हर्जनमध्ये, म्हणजे नोंदींवरून खालच्या खडकाचे चित्र काढण्याच्या गणितात, हवेचा थर धरूनच गणित मांडले तर उथळ पाण्यातही काही हाती लागते, परंतु मोजणीतील लहानशी चूकही तेथे फार महाग पडते.

मुंबई हायची दुसरी अडचण खडकाचीच आहे. १९७४ साली सागरसम्राट या खोदकाम जहाजाने तेथे जे तेल शोधले ते मुख्यतः चुनखडकात आहे, आणि घट्ट चुनखडक तेलाशिवायही रोधक असतो. खंभातच्या आखातात तर भरती-ओहोटीतील फरक दहा मीटरच्या घरात जातो. त्या प्रवाहात रिसीव्हरची भुजा (क्षेत्र मोजणाऱ्या तारेची लांब दांडी) जरा हलली तरी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात हललेली तार म्हणून ती स्वतःच विद्युत संकेत निर्माण करते. उथळ पाणी, रोधक खडक आणि जोरकस प्रवाह या तिन्ही प्रतिकूल गोष्टी आपल्या दारातच एकत्र आल्या आहेत. पूर्व किनाऱ्यावरील कृष्णा-गोदावरी आणि महानदी खोऱ्यांचे खोल पाणी आणि वाळू व शेल (चिकणमातीचा खडक) यांचे थर या तंत्राला कितीतरी अधिक मानवतात.

खोदकामवाला

माझे आयुष्य ड्रिलिंगच्या बाजूला गेले, त्यामुळे माझी शंका वेगळ्या ठिकाणची आहे. भूभौतिकीचे लोक रंगीत नकाशा आणतात, त्यात तांबडा ठिपका दाखवतात आणि विहिरीची जागा निश्चित करण्याचा आग्रह धरतात. परंतु मीठ रोधक असते, बेसाल्ट रोधक असतो, घट्ट चुनखडक रोधक असतो, सिमेंटने भरलेला वाळूचा खडक रोधक असतो, आणि समुद्रतळाजवळ गोठलेल्या अवस्थेत असणारे वायू-हायड्रेटही (पाण्याच्या बर्फासारख्या घनात अडकलेला वायू) रोधक असते. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात २००६ च्या राष्ट्रीय मोहिमेत हायड्रेटचे जाड थर विहिरींतून प्रत्यक्ष मिळाले आहेत. तेथील रोधक ठिपका वायूच्या साठ्याचा आहे की हायड्रेटचा, हे तुमचे सर्वेक्षण कसे सांगणार?

दुसरे असे की विहिरीला खोली लागते. "बाराशे ते पंधराशे मीटरच्या दरम्यान काहीतरी रोधक आहे" या उत्तरावर केसिंगचा, म्हणजे विहिरीत बसवायच्या पोलादी नळ्यांचा, आराखडा होत नाही.

ओहमचा_नियम

खोदकामवाला यांच्या दुसऱ्या मुद्द्यामागे भौतिकी आहे, म्हणून ती थोडी मांडतो; मी विद्युत अभियंता असल्याने या बाजूने आलो आहे. सिस्मिकमध्ये तरंग जातो, परततो, आणि परतण्याच्या वेळेवरून थराचा माथा नेमका काढता येतो. या वारंवारतांना वाहक खडकात तरंग असे काही उरतच नाही. तव्याच्या एका कडेला आच दिली की ऊब जशी हळूहळू साऱ्या तव्यावर पसरते आणि तिला ठळक कड नसते, तसे हे क्षेत्र पसरते, आणि दोन्हींची समीकरणे एकाच प्रकारची आहेत. धूसरपणा ही उपकरणाची उणीव नसून या पसरणीचाच परिणाम आहे.

त्यातून पुढची अडचण येते. पातळ रोधक थराच्या बाबतीत सर्वेक्षणाला जाडी आणि रोधकता वेगवेगळ्या कळत नाहीत, त्यांचा गुणाकार कळतो. ५० मीटर जाडीचा ४० ओहम-मीटरचा थर, १०० मीटर जाडीचा २० चा थर आणि २५ मीटर जाडीचा ८० चा थर यांचे गुणाकार सारखेच, २००० येतात, आणि समुद्रतळावरच्या नोंदी जवळपास एकसारख्या दिसतात. तेलाच्या परिमाणाच्या दृष्टीने मात्र तिन्ही स्थिती अगदी भिन्न आहेत.

तरीही पातळ थर दिसतो हेच मुळात नवल आहे, आणि त्याचे कारण स्रोताच्या मांडणीत आहे. आडव्या द्विध्रुवाच्या रेषेत प्रवाहाचा एक घटक उभा असतो. तो उभा प्रवाह रोधक थराशी अडतो, आणि थराच्या आतून मात्र ऊर्जा कमी क्षीणनाने लांबवर वाहत जाते. निसर्गात सूर्य आणि विजा यांच्यामुळे निर्माण होणाऱ्या क्षेत्रांवर चालणाऱ्या मॅग्नेटोटेल्युरिक पद्धतीत प्रवाह प्रामुख्याने आडवा असतो, म्हणून तिला तेलाचा पातळ थर जवळजवळ दिसतच नाही.

एडिंबरो विद्यापीठातून पुढे आलेली क्षणिक प्रवाहाची पद्धतही आहे. तीत अखंड लहरीऐवजी बदलता प्रवाह सोडून प्रतिसाद काळानुसार मोजतात, आणि एअरवेव्ह आधी येऊन जात असल्यामुळे काही अंशी ती वेगळी करता येते. पीजीएस या सर्वेक्षण कंपनीने २००७ मध्ये ही पद्धत विकसित करणारी कंपनी घेतली, आणि पुढे जहाजामागे ओढायच्या रिसीव्हर-केबलची यंत्रणाही उभी केली. उथळ पाण्याचा प्रश्न त्याने सौम्य झाला. संपला असे म्हणवत नाही.

विश्वामित्रीकाठ

मॅग्नेटोटेल्युरिकचा उल्लेख आला म्हणून पश्चिम किनाऱ्याचे एक प्रकरण येथे मांडावेसे वाटते, कारण चर्चेतून असा समज होईल की विद्युतचुंबकीय पद्धती आपल्या बाजूला निरुपयोगीच आहेत. दख्खनच्या पठाराचा काळा बेसाल्ट सौराष्ट्रात आणि समुद्राखालीही पसरलेला आहे, आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या लाव्हाखाली मध्यजीव कालखंडातले गाळाचे खडक दडलेले आहेत. सिस्मिकचा तरंग बेसाल्टच्या माथ्यावरच मोठ्या प्रमाणात परावर्तित होतो आणि एकावर एक साचलेल्या लाव्हाथरांत विखुरतो, म्हणून खालचा गाळ नकाशावर गोंधळासारखा दिसतो. विद्युतचुंबकीय क्षेत्राला तोच बेसाल्ट रोधक असल्यामुळे जवळजवळ पारदर्शक ठरतो, आणि खालचा गाळ तुलनेने वाहक असल्यामुळे ठळक उमटतो. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने सौराष्ट्रात जमिनीवर मॅग्नेटोटेल्युरिक आणि इतर पद्धती एकत्र वापरून बेसाल्टखालच्या गाळाची जाडी अजमावली आहे.

येथे प्रश्नच निराळा आहे. "या प्रॉस्पेक्टमध्ये (संभाव्य साठ्याच्या जागी) तेल आहे का" असे विचारायचे नसून "बेसाल्टखाली गाळ आहे का, आणि असल्यास किती" असे विचारायचे आहे. त्या प्रश्नाला धूसर उत्तरही पुरेसे मोलाचे असते. केरळ-कोकण खोऱ्याच्या खोल पाण्यातही हाच प्रश्न आहे. समुद्रात मात्र एक मर्यादा येते: वरचे वाहक पाणी नैसर्गिक संकेताच्या जलद लहरी गाळून टाकते, आणि समुद्रतळावर मंद लहरी तेवढ्या पोचतात, त्यामुळे उथळ थरांचा तपशील मिळत नाही.

दांडियाबाजार

मी या क्षेत्रातला नाही, पण एक विचारतो. हजार अँपिअरचा प्रवाह समुद्रात सोडला तर माशांचे काय होते?

ओहमचा_नियम

स्रोतापासून दूर गेल्यावर क्षेत्र अतिशय वेगाने क्षीण होते, त्यामुळे प्रभाव असलाच तर द्विध्रुवाच्या जवळच्या भागापुरता आणि जहाज पुढे जाईपर्यंतच राहतो. शार्क आणि रे या माशांना विद्युत क्षेत्र जाणवणारी इंद्रिये असतात, म्हणून त्यांच्या बाबतीत हा प्रश्न गैरलागू नाही. सिस्मिकच्या एअरगनचा ध्वनी मात्र यापेक्षा कितीतरी दूर पोचतो.

कातळवाचक (बडोदे)

खोदकामवाला यांच्या पहिल्या आक्षेपाला नीट उत्तर द्यायला हवे. हायड्रेट आणि वायूसाठा यांत सर्वेक्षण एकट्याने भेद करू शकत नाही, आणि तसा दावा कोणी करत असल्यास तो नाकारावा. परंतु हायड्रेटचा स्थिर पट्टा तापमान आणि दाब यांवरून आधी काढता येतो, तो समुद्रतळाखालच्या वरच्या काहीशे मीटरांतच असतो, आणि सिस्मिकवर त्याच्या तळाशी समुद्रतळाला समांतर जाणारी रेषा पुष्कळदा दिसते. इन्व्हर्जन करताना थरांच्या सीमा सिस्मिकवरून बांधून दिल्या आणि त्या सीमांच्या आत रोधकता तेवढी मोकळी सोडली तर खोलीचा धूसरपणाही बराच आवरतो. मीठ आणि बेसाल्ट यांचे आकारही सिस्मिकवर ओळखीचे असतात. घट्ट चुनखडक आणि सिमेंट झालेली वाळू हे मात्र खरे शत्रू आहेत, त्यांच्याविषयी मी तुमच्याशी सहमत आहे.

नॉर्वेच्या बॅरेंट्स समुद्रातील विस्टिंगचे उदाहरण पाहावे. तेथे २०१३ साली तेल सापडले तेव्हा साठा समुद्रतळाखाली अवघ्या अडीचशे मीटरांवर होता, पाणी सुमारे चारशे मीटर होते आणि तेलाने भरलेल्या वाळूची रोधकता अतिशय मोठी होती. सर्वेक्षणासाठी याहून सोयीची जागा सुचवणे कठीण आहे. त्याउलट साठा तीन किलोमीटर खाली असेल, किंवा त्याचा आडवा पसारा त्याच्या खोलीपेक्षा कमी असेल, तर बहुतेक ठिकाणी पैसे वाचवावेत.

होकार आणि नकार यांचे वजनही सारखे नसते. रोधक ठिपका दिसला तर त्याचे चार अर्थ निघतात. ठिपका दिसलाच नाही, आणि अपेक्षित आकाराचा साठा असता तर तो दिसलाच असता हे आधीच्या प्रतिमान-गणिताने सिद्ध केलेले असेल, तर मोठ्या साठ्याची शक्यता खरोखरच खाली येते. 'आधीच्या' या शब्दावर माझा भर आहे. जे गणित सर्वेक्षणानंतर, निकाल हाती आल्यावर केले जाते त्याला मी फारशी किंमत देत नाही.

खोदकामवाला

हे मान्य. मग एखादा अहवाल समोर आला तर माझ्यासारख्याने त्यात पहिल्यांदा काय पाहावे?

कातळवाचक (बडोदे)

पहिली गोष्ट पार्श्वभूमीची. सुरुवातीच्या काळात साठ्यापासून दूरचा एक रिसीव्हर संदर्भ म्हणून घेत आणि इतर नोंदींना त्याने भागून येणारे गुणोत्तर नकाशावर काढत. संदर्भाखालचा खडक थोडा जरी वेगळा निघाला तरी सगळा नकाशा चुकत असे. अहवाल केवळ अशा गुणोत्तरावर उभा असेल तर तो बाजूला ठेवावा.

दुसरी गोष्ट उभ्या आणि आडव्या रोधकतेची. शेलचे थर चपटे असल्यामुळे त्यांतून आडवा प्रवाह सहज जातो आणि उभा अडतो. उभी रोधकता आडवीच्या दुप्पट-तिप्पट असणे सामान्य आहे. उभ्या विहिरीतला नेहमीचा इंडक्शन लॉग आडवी रोधकता वाचतो, सीएसईएमला मात्र उभी अधिक जाणवते. जवळच्या विहिरीचा लॉग जसाच्या तसा प्रतिमानात घातला असेल, तर साध्या शेललाही सर्वेक्षण साठा ठरवू शकते. अहवालात दोन्ही रोधकतांचे स्वतंत्र नकाशे आहेत का, ते पाहावे.

तिसरे_वर्ष_भूशास्त्र

काका, लॉगिंगच्या तासाला आम्हाला असे साठेही सांगितले होते ज्यांत तेल असूनही रोधकता कमी असते, कारण वाळूत शेलचे बारीक थर असतात किंवा कणांना चिकटलेले पाणी भरपूर असते. असे साठे सीएसईएमला दिसणारच नाहीत ना?

कातळवाचक (बडोदे)

तुझा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर दोन प्रकारच्या साठ्यांसाठी दोन प्रकारचे आहे. कणांना चिकटलेल्या पाण्यामुळे रोधकता उतरली असेल तर सर्वेक्षण तो साठा चुकवेल, आणि वर मी नकाराविषयी जे लिहिले ते तेथे लागू होणार नाही. परंतु वाळू आणि शेल यांचे बारीक थर आलटून पालटून आले असतील तर उभ्या विहिरीतला लॉग शेलच्या मार्गाने गेलेला आडवा प्रवाह वाचून रोधकता कमी दाखवतो, तर उभ्या प्रवाहाला प्रत्येक वाळूचा थर ओलांडावाच लागतो. समजा, निम्मी वाळू २० ओहम-मीटरची आणि निम्मा शेल १ ओहम-मीटरचा आहे. आडवी रोधकता १.९ येते आणि उभी १०.५ येते. लॉगने दुर्लक्षिलेला हा साठा समुद्रतळावरच्या रिसीव्हरला तत्त्वतः दिसू शकतो, मात्र एकूण जाडी पुरेशी हवी आणि खोली फार नको. म्हणून जुन्या विहिरीच्या शेजारी सर्वेक्षण करायचे असेल तर त्या विहिरीत तिन्ही दिशांची रोधकता मोजणारा लॉग घेतलेला आहे का, हे आधी विचारावे; नसेल तर विहिरीतून काढलेल्या खडकाच्या गाभ्याच्या नमुन्यावरून वाळू आणि शेल यांचे प्रमाण काढून वरचाच हिशेब हाताने करून पाहावा.